चांगल्या खांद्यावरचे उपचार

मंगळवार. ढगाळ, वारा अजिबात नाही, मुलुंडभर चिकचिक.

बसा, चहा गाळते आणि मग माझा पराक्रम सांगते. हसायचं असेल तर खुशाल हसा, माझी लेक सायली अजून हसतेच आहे.

माझा डावा खांदा आखडला होता. फ्रोझन शोल्डर. हात कानापर्यंत जाईना, पाठीमागे वळेना. माझे केस सायलीच बांधून द्यायची. आणि तिला बंगळुरूला नोकरी लागली, महिनाअखेरीस निघायचं होतं. ती गेल्यावर अंबाडा कोण घालणार? हे? हे अजून स्वतःचा भांग मला विचारून पाडतात.

म्हणून स्टेशनजवळ एका फिजिओथेरपिस्ट मुलीने नवीन दवाखाना काढलाय, तिथे गेले. मृण्मयी तिचं नाव, सायलीच्याच वयाची. डावा दुखतो असं मी नीट सांगितलं. तिने मान डोलावली, मला झोपवलं आणि माझा उजवा हात उचलला.

आता तुम्ही काय केलं असतं? शेजारच्या खाटेवर एक काका होते. त्यांच्यादेखत ‘अगं, हात चुकला’ म्हणायचं? नवीन दवाखाना, पोरीची काय शोभा राहील? कळेल तिचं तिलाच, म्हटलं. तोवर तिला वाईट वाटू नये म्हणून हळूच म्हणाले, “आई गं.”

ती थांबली. “काकू, इथे दुखतं?”

“थोडंसं.”

मग तिने डावा उचलला. तेव्हा मी खरी ओरडले.

“बापरे, काकू. दोन्ही खांदे?”

खरं बोलायची हीच वेळ होती. मी म्हणाले, “हो ना.”

झालं. अर्धा वेळ डाव्याला, अर्धा उजव्याला. डावीकडे ती पाठीवरचं ते पंखासारखं हाड तळव्यात धरून हळूहळू फिरवायची, मग खांद्याची गोटी खोबणीत खाली सरकवत हात वर न्यायची. डोळ्यांत पाणी यायचं, पण हात जरा सैल व्हायचा. तेवढ्यात ती म्हणायची, “चला, आता उजवा.” उजवीकडे माझं नाटक. काल हात कुठवर गेल्यावर विव्हळले होते, तेच मेलं आठवायचं नाही.

साहजिकच आठवड्यात उजवा खांदा डाव्याच्या कितीतरी पुढे. मृण्मयी खूश. काकांना म्हणाली, “बघा, काकूंचा उजवा कसा सुटतोय. तुम्ही नुसते अंग चोरता.”

काकांनी मला आदराने विचारलं, “ताई, घरी काय करता हो?”

“शेक घेते,” मी म्हणाले.

त्याच संध्याकाळी सायली मला न्यायला आली. मृण्मयी माझा उजवा हात ताणत होती.

“आई, तुझा डावा दुखतो ना?”

“दोन्ही दुखतात त्यांचे,” मृण्मयी म्हणाली.

“काहीतरीच काय. सकाळी याच हाताने माळ्यावरून इडलीचं भांडं काढलंय हिने.”

मी छताकडे बघत सगळं सांगितलं. काका कुशीवर वळून ऐकत होते.

मृण्मयी हसली नाही. “काकू, आधी चांगला हातच बघतात. तो किती वर जातो ते कळलं की आखडलेला कुठे अडकतोय ते कळतं. सगळ्यांचं असंच करते मी.”

“मला वाटलं, तुझी चूक झाली.”

“मग सांगायचं ना हो.”

“तुला वाईट वाटलं असतं.”

“यार आई,” सायली म्हणाली, “मी चाललेय, आणि तू अर्धा वेळ चांगल्या खांद्यावर घालवलास.”

त्यानंतर सगळा वेळ डाव्याला मिळाला. सायली निघाली त्या सकाळी अंबाडा माझा मी घातला. तो डाव्या कानामागे बसला, डावा हात तिथवरच पोचला.