कोरड्या वर्षातलं वायपरचं दुकान

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. निर्माल्यासारखे ते रोज थोडे थोडे साठतात आणि एक दिवस पिशवी भरली की कळतं, अगं बाई, एवढं झालं! आमच्या दुकानाचं तसंच झालं.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, तेव्हाची गोष्ट. हे नांदेडला गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात नोकरीला होते. "नवा जिल्हा म्हणजे नवी ऑफिसं, आणि नवी ऑफिसं म्हणजे जीपगाड्या," असा हिशोब करून यांनी लातूरला स्वतःचं छोटं दुकान टाकलं. पुढे दुकान, मागे आमच्या दोन खोल्या. पावसाळा तोंडावर होता, म्हणून जो माल भरला तो बहुतेक वायपरचा. गाड्या आल्या, ऑफिसं आली, साहेब आले. पाऊस तेवढा आला नाही!

यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठे भाऊजी, कंधारला कापड-दुकानदार. माणूस शिस्तीचा. त्यांचा निरोप आला, "दसऱ्यापर्यंत वाट बघीन. न्हाई चाललं तर टेम्पो आणतो. सामान भरायचं अन् माझ्या गादीवर येऊन कापड फाडायचं."

हे कधी जास्त बोलत नाहीत. त्या दिवशी जेवताना एवढंच म्हणाले, "माणसाचं स्वतःचं असं एक दुकान असावं गं."

मी त्याच आठवड्यात मारुतीचे सोळा शनिवार धरले.

* * *

दुकानात पहिले आले ते रेणापूरचे बापूराव. जीप जुनी, मिशा नव्या तेल लावलेल्या. म्हणाले, "सगळ्यात लांब वायपर द्या. घ्यायचा तर मोठाच घ्यायचा!"

हे म्हणाले, "बापूराव, वायपर बांगडीसारखा असतो. मापाचाच पाहिजे. लांब घेतला तर कडेला आपटेल, आखूड घेतला तर मधेच पट्टा कोरा राहील."

बापूरावांना बांगडीचं पटलं. मापाचे दोन घेतले. मग यांनी बजावलं, "उन्हात रबर कडक होतं, जपा. आणि कोरड्या काचेवर अजिबात फिरवू नका. धूळ घासून काचेला चरे पडतात."

बापूराव बघतच राहिले. "पाऊस न्हाई. कोरडं फिरवायचं न्हाई. मग घिऊन करू काय?"

"जपून ठेवा," हे म्हणाले.

मी आतून कपाळावर हात मारला. असा दुकानदार!

* * *

बापूराव मात्र शब्दाला जागणारे. पुढच्या महिन्यात पुतणीच्या लग्नाला निघाले आणि वाटेत अचानक एक सर आली. दहा मिनिटांचीच, पण चांगली जोरात. जीपमध्ये वऱ्हाड. काचेतून काही दिसेना. शेवटी त्यांची कारभारीण खाली उतरली आणि पुढच्या बाजूनं पदरानं काच पुसत चालायला लागली. मागून जीप बैलगाडीच्या चालीनं!

लग्नात कुणीतरी विचारलं, "अवो, परवाच तर नवे वायपर घेतलेत म्हणं?"

"घेतलेत की. घरी हायत, पेटीत."

"अन् लावले का न्हाईत?"

"येडा हाय का तू? पावसात लावल्यावर भिजतील न्हाई का!"

* * *

आमची खरी पंचाईत पाण्याची. वायपर बसवल्यावर फिरवून दाखवायचा, तर काच ओली करावी लागणार. गल्लीत टँकर दोन दिवसांआड यायचा. यांनी एका साहेबांच्या गाडीवर तांब्याभर पाणी ओतलं, तर रांगेत उभ्या शेजारच्या सुशीलाबाई तिथूनच ओरडल्या, "बायांनो बघा, आपल्या लेकरांना आंघोळ न्हाई अन् हा मानूस काचंला न्हाऊ घालून राहिलाय!"

हे दुकानात येऊन बसले ते मान वर करेनात.

मला वाटलं, आपल्या घरी देवाचं एक पाणी तर असतंच. श्रावण चालू होता. सोमवारी मी महादेवाला पंचामृताचा अभिषेक करायची. ते पाणी तुळशीला जायचं. तुळस काही रागवायची नाही! ते मी गाळून बाटलीत भरलं आणि यांना दिलं. म्हटलं, वायपरही दिसेल आणि गाडीला पुण्यही लागेल.

त्या दिवशी पाटबंधारे खात्याचे कांबळेसाहेब आले होते. बौद्ध कुटुंबातले, शिकलेले, बोलायला फार गोड. तलाव बांधणारा माणूस आणि जिल्ह्यात थेंब नाही, म्हणून स्वतःवरच हसायचे. त्यांच्या गाडीवर ते पाणी टाकून वायपर फिरवला, साहेब खूश होऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा दारात. साहेब उतरले आणि मलाच हाक मारली. "वहिनी, त्या पाण्यात काय होतं?"

"दूध, दही, तूप, मध, साखर," मी अभिमानानं सांगितलं.

"तरीच! वायपर एक नंबर आहे बघा. काचेवरच्या सगळ्या मुंग्या एका बाजूला गोळा करून देतो!"

यांनी काच सोड्याच्या पाण्यानं धुतली. धुवायला लागलं दीड तांब्या पाणी. सुशीलाबाईंना ते कळू नये म्हणून साहेब स्वतः गाडीला टेकून आडोसा करून उभे राहिले.

* * *

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते. लपवून काय करायचं?

भाद्रपदात अधूनमधून भुरभुर व्हायला लागली आणि तक्रारी सुरू झाल्या. "वायपर कुरकुरतो", "काचेवर इंद्रधनुष्य दिसतं", "आवाजानं साहेबांची झोप मोडते". यांची सगळी भिस्त एकाच गोष्टीवर, आपला वायपर आवाज करत नाही. आणि नेमकी तीच लोक मोडीत काढायला लागले. दसरा जवळ येत होता. हे रोज एकेक गाडी उघडून बघायचे. रबर चांगलं, माप बरोबर, दांडी सरळ. आवाज मात्र कुर्रर्र!

मला दुसरं काय येणार? मी उपासना वाढवली.

शेवटी यांनी गफूरचाचांना बोलावलं. चाचा जुने मिस्त्री. गाडी न बघता नुसत्या आवाजावरून दुखणं सांगणारे. त्यांनी एक जीप लावून घेतली, कान दिला आणि विचारलं, "ये गाड़ी कौन से दिन आई थी?"

"शनिवारी."

"और वो परसों वाली?"

"ती पण शनिवारी."

चाचांनी काचेवर बोट फिरवलं, नाकाला लावलं आणि आतल्या दाराकडे वळून म्हणाले, "भाभी, ये तो करडी का तेल है!"

खरंच होतं. दर शनिवारी मी मारुतीला तेल घालून आले की त्यातलं थोडं वाटीत आणायची. दारात उभ्या असलेल्या गाडीच्या काचेवर, कुणाचं लक्ष नसताना, एक बोट लावायची. गाडी सुखरूप राहावी, यांचं नाव व्हावं म्हणून. पहिल्यांदा नुसता ठिपका होता. तक्रारी वाढल्या तसा मी स्वस्तिक काढायला लागले. वायपर फिरला की ते सगळ्या काचेवर पसरायचं. म्हणजे मी जेवढी जास्त भक्ती करावी, तेवढा वायपर जास्त बोंबलणार!

मला रडूच आलं. चाचा म्हणाले, "रोना नक्को भाभी. दुआ ऊपरवाले को, तेल चूल्हे को. काच को कुछ नक्को."

हे रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "मारुतीला सांग, पुढच्या शनिवारपासून बॉनेटवर कोरडं कुंकू चालेल का ते."

मी विचारलं. चालणार होतं.

* * *

पण गेलेलं नाव लगेच परत येतं थोडंच? दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी मोठे भाऊजी सकाळच्या एस.टी.नं हजर. टेम्पो दुपारनंतर येणार होता. चहा घेतला, स्टुलावर बसले. म्हणाले, "आज दिवसभर बघतो तुझं दुकान कसं चालतं ते."

मी आत देवाजवळ दिवा लावला. म्हटलं, आज तरी दहा गिऱ्हाइकं पाठव.

देवानं पाठवली! पण पहिला माणूस नवा वायपर मागायला आला, तर यांनी ओलं फडकं घेऊन त्याचाच जुना पुसला. फडक्यावर काळं येणं थांबेपर्यंत पुसला. "याला अजून एक पावसाळा आहे," म्हणून परत पाठवला. दुसऱ्याची वाकलेली दांडी हलकेच सरळ केली. तो पण गेला. तिसऱ्याला सांगितलं, "गाडी सावलीला लावत जा, नवा घ्यायची गरज नाही."

भाऊजींचा चेहरा लालबुंद. "हे दुकान हाय का धर्मादाय दवाखाना?"

"दादा, त्यांचं रबर चांगलं होतं," हे म्हणाले.

"मी कापड फाडल्याशिवाय गिऱ्हाइकाला पायरी उतरू देत न्हाई! उठ, सुतळी घिऊन ये. खोकी बांधायची हायत."

हे सुतळी आणायला गेले. मी दारामागे उभी. डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसत होते, आणि तेवढ्यात दारात एक धुळीनं माखलेली गाडी थांबली. भोकरहून आलेला माणूस. घाईत होता. भाऊजींनाच मालक समजला.

"शेठ, नवा वायपर द्या. हा लई केकाटतो."

मला वाटलं, आता तरी एक विकला जाईल. भाऊजी उठले. कपाटाकडे हात गेला. मग ते गाडीपाशी गेले. वायपर उचलून त्याच्याकडे बघितलं, बोटानं रबर दाबलं. इकडे तिकडे बघून स्टुलावरचं ओलं फडकं उचललं आणि पुसायला लागले. पांढऱ्या शुभ्र सदऱ्याची बाही कोपरापर्यंत काळी झाली. दांडी हळूच वाकवून सरळ केली. माझ्याकडून वाटीभर पाणी मागून घेतलं, काचेवर शिंपडलं.

"फिरव."

वायपर गेला, आला. गेला, आला. आवाज नाही. भोकरचा माणूस आतून म्हणाला, "शेठ, चालू हाय का बंद हाय ह्ये?"

भाऊजींनी फडक्याला हात पुसले. काचेतून त्या माणसाकडे बघत उभे राहिले.

"बरं, नवा द्या की आता."

"नवा कशाला?" भाऊजी खेकसले. "ह्याला काय झालंय?"

तो गेला. भाऊजी हातातल्या फडक्याकडे बघत दारातच उभे. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टेम्पो वळला. काचेवर बोटभर धूळ, आणि ती काढायला ड्रायव्हरनं वायपर कोरडाच लावलेला. सगळी गल्ली कान दाबून धरील असा आवाज! मागून हे सुतळीचा गुंडा घेऊन येत होते.

भाऊजी ओरडले, "बंद कर आधी ते! उतर खाली. सूनबाई, अजून एक फडकं ओलं करून आणा."

ड्रायव्हर गोंधळून खाली उतरला. "शेठ, अन् सामान?"

"कुठलं सामान?" भाऊजी म्हणाले.