बंद पडलेला प्लाझ्मा कटर

भेस्तानला माझा छोटा गाळा आहे. लोखंडी गेट आणि जाळ्या बनवते. त्याआधी सात वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात लोखंड घासलं. घासायला मी चालायचे, कापायला नाही. म्हणून स्वतःचा गाळा झाल्यावर हट्टानं पहिला आणला तो प्लाझ्मा कटर, वीज आणि दाबाच्या हवेच्या जोरावर जाड प्लेट कापणारं यंत्र. जुनाच होता, एका बंद पडलेल्या कारखान्यातला.

जोडला. दिवा लागला, पंखा फिरला. टॉर्चचं, म्हणजे हातात धरून कापायच्या नळीचं, बटण दाबलं तर नुसती हवा. ठिणगी नाहीच.

शेजारच्या गाळ्यातले काका बघायला आले. "बेन, आ तो भंगार छे. किलोच्या भावानं देऊन टाक."

"नाही देणार," मी म्हणाले.

ते हसले. त्या हसण्यानं डोकं असं तापलं की दुपारचा डबा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना लिंबायतहून रिक्षात बसवून आणलं. त्यांनी आयुष्यभर लूम दुरुस्त केले. त्या खडखडाटात कान गेले, बोटं मात्र शाबूत. त्यांनी टॉर्चकडे पाहिलंसुद्धा नाही. कॉम्प्रेसरची नळी सोडायला लावली, हवेपुढे तळहात धरला आणि मला दाखवला. ओला होता.

"हवामा पानी शे," ते म्हणाले.

कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा नळ उघडला तर गंजाचं लाल पाणी भळाभळा वाहायला लागलं. टाकी रिकामी केली, फिल्टर सुकवला. पुन्हा बटण दाबलं. पुन्हा नुसती हवा.

मेन बंद करून टॉर्च खोलली. नोझलचं गोल भोक झिजून लांबट झालेलं, आतल्या इलेक्ट्रोडच्या टोकाला खड्डा पडलेला. दोन्ही नवे आणून बसवले. तरी नाही.

"बेन, हवे छोडी दे! सोड आता!" काका दारातून ओरडले.

खरं सांगते, रडू आलं होतं. पण त्यांच्यासमोर मुळीच रडणार नव्हते. सासऱ्यांना काही ऐकूच गेलं नाही. मेन पुन्हा बंद केल्यावर त्यांनी टॉर्च हातात घेतली, टोकाची टोपी काढली आणि आत बोट फिरवलं. तिथं दोन बारीक पिना होत्या. टोपी नीट बसली की त्या दबतात, मगच यंत्र वीज सोडतं. त्यातली एक काजळीनं अडकली होती. जुन्या टूथब्रशनं घासघासून मी ती मोकळी केली. टोपी आवळली, अर्थिंगचा चिमटा पत्र्याच्या स्वच्छ भागाला लावला, काळा चष्मा चढवला, सासऱ्यांना पाठ फिरवून उभं राहायला खुणावलं.

फाडकन निळी ज्योत निघाली. मी हात थांबवला नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत प्लेट कापत गेले आणि अर्धा तुकडा धाडकन खाली पडला. सासऱ्यांच्या पायाखालची फरशी हादरली असावी, ते वळले आणि मोठ्यानं हसले.

काका धावत आले. "कोणे रिपेर कर्युं?"

"आम्ही दोघांनी."

"ना, साचुं कहे. कारीगर कोण आव्यो?"

मी दुसरी प्लेट ओढली आणि त्यांच्यादेखत कापली. ते तिथेच उभे राहिले, प्लेट संपेपर्यंत.

त्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक गेट करून घ्यायला आलं. गाळ्यात इकडेतिकडे बघत त्यानं विचारलं, "मिस्त्री कुठे आहेत?"

"समोर उभी आहे," मी म्हणाले. "माप सांगा."

त्यानं जरा घुटमळून माप सांगितलं. मी खडूनं फरशीवर लिहून घेतलं.