सगुणाने न लावलेला पाय

सगुणा पायाळू होती. म्हणजे आईच्या पोटातून पायांकडून बाहेर आलेली. आमच्या गुहागर तालुक्यात अशा माणसाच्या पायाला गुण असतो असं मानतात. कंबरेत उसण भरली की रोग्यानं पालथं पडायचं आणि पायाळूनं शनिवारी नाहीतर रविवारी त्याच्या कंबरेला पाय लावायचा. सोनूबाईनं सून करून आणताना हिचा रंग पाहिला नाही, माहेरची जमीन पाहिली नाही, हा पाय पाहिला. त्यांच्या पडवीत मग दर शनिवारी कोणी ना कोणी वाकडा होऊन यायचा आणि जाताना नारळ ठेवून जायचा. सोनूबाईचा सगळा रुबाब त्या नारळांवर होता.

मी त्यांच्या शेजारी राहत होते, गावच्या हायस्कुलात शिकवत होते. हे सगळं थोतांड आहे असं मी सगुणाला तोंडावर सांगितलं. तिला राग आला नाही. म्हणाली, "मी नुसता टेकवतंय पाय, बाई. जोर कुठं लावतंय? बरा व्हायचा तो होतोच." उसण अशीही दोन-चार दिवसांत जाते, हे तिला ठाऊक होतं आणि ते ती लपवत नव्हती. विचारायचं मात्र कोणाला सुचत नव्हतं.

तिचा नवरा गंगाराम सड्यावरच्या, म्हणजे गावावरच्या कातळमाळावरच्या, चिरेखाणीत कामाला होता. जांभा दगड चौकोनी कापून काढायचा, तासायचा आणि ते चिरे ट्रकात चढवायचे. चौऱ्याऐंशी सालच्या शिमग्यानंतरची गोष्ट. चिरा छातीपर्यंत उचलून गंगाराम ट्रकाकडे वळला. पाय जागेवर राहिले, कंबर तेवढी फिरली. चिरा सुटला आणि हा तिथंच बसला. ढुंगणापासून डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत अशी कळ की नुसतं खोकला तरी किंचाळायचा.

त्याला रत्नागिरीला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. मी बरोबर होते. डॉक्टर तरुण होता, पण समजावून सांगायची त्याला हौस होती. दोन मणक्यांच्या मधली गादी फाटली आहे, आतला गर मागं येऊन पायाकडे जाणारी शीर दाबतो आहे, असं तो म्हणाला. ऑपरेशनची गरज नाही. स्वस्थ पडून राहिला तर गर हळूहळू सुकेल, शीर मोकळी होईल. तिथं त्याच्या पायाला पट्टे बांधून दोरीला वाळूच्या पिशव्या लटकवल्या आणि काही दिवस तसा ताणून ठेवला. घरी पाठवताना डॉक्टर सगुणाला म्हणाला, "कळ पायातून वर सरकत कंबरेत आली की समजा माणूस बरा होतोय. कंबर जास्त दुखेल. दुखू दे. पण चोळणं, तुडवणं, लाथा मारणं, काही चालणार नाही."

लाथेचं नाव निघाल्यावर सगुणानं मान खाली घातली. डॉक्टरला काय माहीत समोर कोण उभं आहे.

घरी आल्यावर कडक फळी हवी म्हणून तिनं गोठ्याचं दार काढलं, धुतलं आणि त्यावर गंगारामला निजवला. खाणंपिणं, अंग पुसणं, सगळं जागेवर. रोज सकाळी त्याच्या पायावरून बोट फिरवत विचारायची, आज कुठपर्यंत आहे. आधी अंगठा सुटला, मग पोटरी सुटली. मला कुंपणावरून सांगायची, "बाई, मांडीपर्यंत आली." तिच्या तोंडावर एवढा आनंद मी तिच्या लग्नातही पाहिला नव्हता.

पण घरच्यांना काय दिसत होतं? धडधाकट बाप्या दारावर पडलाय, बायको भरवतेय आणि कंबर पूर्वीपेक्षा जास्त दुखतेय. सोनूबाई म्हणायची, पायातली कळ कंबरेत चढली, उद्या काळजात चढेल. त्यात गंगारामचा धाकटा भाऊ धोंडू मुंबईहून मे महिन्याच्या रजेवर आला. रजा संपत आलेली, पाऊस तोंडावर, नांगर धरायला माणूस नाही. घरात औषध असून आजारी पडायचं, हे धोंडूच्या डोक्यात शिरेना. एका संध्याकाळी तो पडवीत सगळ्यांदेखत म्हणाला, "वयनी, आख्खं गाव तुझ्या पायानं उठलं. दादालाच का आडवा ठेवलास?"

दारावरून गंगारामही म्हणाला, "लाव गो पाय. मी सांगतंय ना."

सगुणा डॉक्टरचं नाव घेऊ शकली असती. तिनं घेतलं नाही. त्या घरात डॉक्टरचा शब्द चालायचा नाही हे ती ओळखून होती. तिनं त्यांना तोडता येणार नाही असं उत्तर शोधलं.

"नवऱ्याला पाय लावायचा? ह्या पापाला जागा कुठं भावजी? तुमीच सांगा."

धोंडू उठून अंगणात गेला. सोनूबाईनंसुद्धा मान डोलावली. पायाळू झाली तरी बायकोच. तिचा पाय नवऱ्याच्या अंगाला लागणं म्हणजे सात जन्मांचा दोष. मला वाटलं, बाई हुशार निघाली. तिलाही तसंच वाटलं असणार. त्या उत्तरात भोक कुठं आहे ते आम्हा दोघींनाही दिसलं नाही. पाप होतं ते तिच्या पायाचं. दुसऱ्याच्या पायाला कसलं पाप?

डॉक्टरनं गंगारामसाठी कमरेचा पट्टा करवून घेतला होता. तो बांधला की उठून बसायला सुरुवात, असं ठरलेलं. सगुणा पहाटेच्या एसटीनं पट्टा आणायला रत्नागिरीला गेली. दिवस शनिवारचा. धोंडू खाडीपलीकडं गेला आणि महिपतला घेऊन आला. महिपतही पायाळू, होड्या ओढणारा, रेड्यासारखा माणूस. तो पाय टेकवत नसे, हाणत असे. जेवढा दणका मोठा तेवढा गुण मोठा, अशी त्याची ख्याती. लाथेचा आवाज मी माझ्या स्वयंपाकघरात ऐकला. धावत गेले तर गंगाराम पालथा, घामानं निथळलेला आणि चक्क हसत होता. "गेली," म्हणाला. "पायातली कळ गेली साफ."

सोनूबाईनं महिपतच्या पायावर पाणी घातलं. कोंबडं कापलं. गंगाराम दोघांच्या खांद्यावर हात टाकून उठला आणि भिंतीला टेकून जेवला. संध्याकाळी सगुणा पट्टा छातीशी धरून आली तेव्हा तो अंगणात उभा होता. तिनं पहिल्यांदा पाहिलं ते त्याच्या डाव्या पायाकडं. वहाण मागं दारातच राहिली होती आणि त्याला पत्ता नव्हता. पाऊल वर उचल म्हणाली. ते उचललं नाही. अंगठ्याला चिमटा काढला, तो जोरानं काढला, तर त्यानं विचारलं, "काय करतंस?"

शीर मेली की कळही मरते. हे दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला डॉक्टरनं सांगितलं आणि मग तो धोंडूवर इतका ओरडला की बाहेरची माणसं आत डोकावली. आता मुंबईला नेऊन कण्याचं ऑपरेशन करावं लागेल, तेही लगेच, आणि पाऊल परत येईल याची हमी नाही. पाठीच्या कण्यात सुरी म्हटल्यावर सोनूबाईनं तिथंच जमिनीवर बसकण मारली. गंगारामनं साफ नाही म्हटलं. सगुणा त्याला हात जोडत होती. मीही बोलले, रागानंच बोलले. काही उपयोग झाला नाही. धोंडू त्याच आठवड्यात मुंबईला गेला, रजा संपली म्हणून.

पुन्हा गोठ्याचं दार. कंबर बरी झाली, पूर्ण झाली. पाऊल झालं नाही. चालताना ते लोंबायचं, म्हणून तो गुडघा उंच उचलून टाकायचा आणि पंजा फटकन आपटायचा. वाटेवरची पोरं मागून तसंच चालून दाखवायची. खाण सुटली, नांगर सुटला. नांगराला सगुणाच उभी राहायला लागली. बाईनं नांगर धरला म्हणून गावानं आणखी चार गोष्टी ऐकवल्या. मुख्य गोष्ट मात्र एकच. बायको पायाळू असून नवऱ्याला परक्याची लाथ खायला लागली. तिनं वेळेवर पाय लावला असता तर महिपतला कोणी आणलं असतं? सोनूबाई मरेपर्यंत हेच बोलत राहिली, आणि गंगारामला ते पटलेलं होतं.

सगुणानं त्यानंतर कोणाला पाय लावला नाही. लोक यायचे, ती म्हणायची, फळीवर निजा, डॉक्टरला दाखवा. बाई माजली, असं म्हणून ते परत जायचे.

सत्त्याऐंशीच्या सुमारास एक दुपार. मी त्यांच्या पडवीत होते. डॉक्टरनं सांगितलेला व्यायाम चालला होता. सगुणा त्याचं लोंबतं पाऊल मांडीवर घेऊन वर ढकलत होती, खाली सोडत होती. ती हे रोज करायची. वरच्या वाडीची एक बाई आपल्या नवऱ्याला धरून आली. तो माणूस वाकडा, कळ पोटरीत उतरलेली. सगुणानं तिला नेहमीचं सांगितलं, डॉक्टरचं नाव सांगितलं, एसटीची वेळ सांगितली. बाई रडकुंडीला आली.

तेव्हा गंगाराम बोलला. तिच्याशी, सगुणाकडं न बघता.

"महिपतकडं न्या त्याला. तरीवर होडीवाल्याला विचारा, कोणीपण घर दाखवील. हिच्या पायात काय राहिलं नाय."

मी त्या बाईला अडवलं, आवाज चढवला, मास्तरीणबाई म्हणून जेवढा चालतो तेवढा. तिनं ऐकून घेतलं, नमस्कार केला आणि नवऱ्याला घेऊन खाडीच्या वाटेला लागली.

सगुणाचे हात थांबले होते. थोड्या वेळानं तिनं पाऊल पुन्हा वर ढकललं.