आलेखाशी घासाघीस

करंगळीनं एक कळ दाबायची आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसायचं, ही ताईंची रीत. स्क्रीनवर आलेख उमटेपर्यंत त्या बोलत नसत. उमटला की म्हणत, "आलं बघा पीक!" आणि मोठ्यानं हसत. ते हसू भिंतीपलीकडे, सरकी काढून रुई करणाऱ्या आमच्या जिनिंगपर्यंत ऐकू येई.

नेरला त्या आमच्या शेजारी. यवतमाळच्या कचेरीत आकडेवारीचं काम करून निवृत्त झालेल्या. मी हमालीतून वर आलेला. भाव पाडल्याशिवाय मीठसुद्धा घेत नाही. असा एखादा तुमच्याही ओळखीत असेलच.

एका वर्षी सूतगिरणीचा खरेदी साहेब चार लोकांत मला म्हणाला, "तुमची रुई ओली असते." ते अजून मला सलतं. वर्षाचा सौदाच तो तोडायला निघाला होता. ओलाव्याच्या रोजच्या नोंदी घेऊन मी तणतणत ताईंकडे गेलो.

ताईंनी साध्या मजकुराची एक फाइल उघडली. तीत आकडे भरले, चार ओळी मराठीत लिहिल्या आणि मधोमध आलेख कसा काढायचा ते संगणकाला सांगणारा कोड घातला. कळ दाबली की संगणक आलेख काढून त्याच जागी आणून बसवी. दिवसभराची रेघ खाली, सरळ. फक्त सकाळी एक उंचवटा. दंवात वेचलेला कापूस तेव्हा येतो.

"ताई, तेवढा उंचवटा दाबून टाका ना."

"मी कुठं काढून राह्यले, भाऊ? आकड्यांतून येते रेघ."

"अर्धा तरी दाबा!"

"काहून? भाजी आहे काय ते?"

मी रागारागात फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि गिरणी गाठली. साहेबापुढं उघडली, तर आलेखाच्या जागी रिकामी चौकट! चित्र वेगळ्या फोल्डरमध्ये राहिलेलं; फाइलीत नुसता त्याचा पत्ता. साहेब हसला. मी फोनवर ओरडलो, "ताई, तुमचं चित्र घरीच राह्यलं!"

"ओरडून कायले राह्यले? आलेख काढायची कृती तर फाइलीत नेली ना? त्यांच्याच संगणकावर चालवा म्हणा."

गिरणीच्या प्रयोगशाळेतल्या मुलीनं फाइल चालवली. साहेबाच्या डोळ्यांदेखत रेघ उमटली, उंचवट्यासकट. तो त्या उंचवट्याकडेच पाहत राहिला. "खोटं करायचं असतं, तर हे ठेवलं नसतं तुम्ही," म्हणाला. सकाळचा माल वेगळा ठेवायचा, या अटीवर सौदा टिकला. माफी मात्र मागितली नाही त्यानं. मी अजून वाट पाहतो आहे.

पेढे घेऊन गेलो, तर ताई विचारतात, "पेढेवाल्याले किती रडवलं?"

आता त्या लेकीकडे नागपूरला राहायला गेल्या. फाइल माझ्याकडे आहे. हंगामात मी रोज नवे आकडे भरतो, करंगळीनं कळ दाबतो, हात मांडीवर ठेवून बसतो. उंचवटा येतोच.

"थोडा खाली ये ना राजा," मी म्हणतो.

तो ऐकत नाही. आणि भिंतीपलीकडून कोणी हसतही नाही.