पावणेचारची तार

शाळेच्या विहिरीवरची मोटर जळाली, त्या उन्हाळ्यात मास्तरांनी इंद्रभानला पहिल्यांदा नीट पाहिलं. कामरगावच्या बसथांब्याजवळ त्याचं पत्र्याचं दुकान. मोटर उघडून तो तिच्यासमोर उकिडवा बसला होता आणि तांब्याची तार स्वतःशी मोजत गुंडाळत होता. संध्याकाळी काम संपत आलं तेव्हा मास्तर म्हणाले, "सकाळी शिपायाला पाठवतो. झालीच म्हणायची ना?"

"झाल्यावर सांगतो."

"अहो, एक बोल्ट तर राहिला."

"राह्यला ना? मंग नाई झाली."

शेजारचा पानठेलेवाला हसला. "गुरुजी, याच्या घरी पाळणा हालणार होता तवा लोकायनं इचारलं, कवा देतं पेढे? हा म्हने, जन्मल्यावर सांगतो."

इंद्रभान हसला नाही. होण्याआधी 'झालं' म्हणायचं नाही, हा त्याचा नेम अख्ख्या गावाला माहीत होता. तो कशातून आला ते मात्र फक्त त्याच्या बायकोला, तुळसाबाईला माहीत होतं.

तरुणपणी इंद्रभान कारंज्याला केशरीचंद सेठच्या कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनावर होता. सेठचा थोरला मुलगा श्रेयांस मुंबईला शिकून आला तो बोटीचं वेड घेऊन. लाकडी, तीस वर्षांपूर्वीची एक मोडकी बोट त्यानं ट्रकवर घालून आणली आणि सरकीच्या गोदामात उतरवली. हायड्रोप्लेन म्हणतात तिला. वेग घेतला की ती पाण्यात राहत नाही. मागचा पंखा तेवढा पाण्यात आणि बाकी सगळं अंग हवेवर. चालवणारा आत गुडघे टेकून बसतो. दोघांनी मिळून आठ महिने ती बोट दुरुस्त केली. फळ्या श्रेयांसनं बसवल्या, इंजिन इंद्रभाननं. मग अडाण धरणावर ती पळवायला लागले तेव्हा काठावरची गुरं उधळायची आणि गुराखी शिव्या द्यायचे.

पुण्याकडच्या एका धरणावर अशा जुन्या बोटींची दरवर्षी मे महिन्यात शर्यत व्हायची. श्रेयांसनं ती ओळीनं तीन वर्षं जिंकली. त्या शर्यतीत बोटी उभ्या राहून सुटत नाहीत. सगळ्या आधीच फिरत असतात, किनाऱ्यावर मोठं घड्याळ असतं आणि काटा बारावर येईल त्याच क्षणी पूर्ण वेगात रेघ ओलांडायची. थोडं आधी ओलांडलं तर बाद. श्रेयांस काट्याबरोबर यायचा. लोक म्हणायचे, या माणसाच्या पोटातच घड्याळ आहे.

घरी आई, पानाबाई. जैन घरातली, नेमाधर्माची बाई. सूर्य मावळला की सकाळपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायची नाही. मुलाला तिनं अडवलं नाही. दोन गोष्टी मात्र ठरवून घेतल्या. तो दिवसातून एकदाच पाण्यात उतरेल, हा त्याचा शब्द. आणि तो पाण्यावरून परत येईपर्यंत ती पाणी पिणार नाही, हे तिचं पच्चक्खाण, म्हणजे हात जोडून घेतलेली शपथ. म्हणून शर्यत संपली की इंद्रभान धावत तारघरात जायचा. 'श्रेयांस किनाऱ्यावर. पाणी घ्यावे.' कारंज्याला तार पोचली की पानाबाई लोटा तोंडाला लावायची.

चौथ्या वर्षी शर्यत रविवारी आली. दोनला सुरू व्हायची ती वाऱ्यामुळे लांबली. तिथलं तारघर रविवारी चारला बंद व्हायचं. इंद्रभानच्या डोळ्यांपुढे आदल्या वर्षीची पानाबाई होती. तार उशिरा पोचली म्हणून ती ओट्यावर चक्कर येऊन पडली होती. या वेळी दिवस मावळायच्या आत तार गेली नाही, तर बाई मे महिन्याच्या उन्हात सकाळपासून कोरडी, ती दुसऱ्या दिवसापर्यंत कोरडीच राहणार. शर्यत काय, दहा मिनिटांची. श्रेयांसभाऊ काय, दरवर्षी येतात तसे येतील.

पावणेचारला त्यानं तार केली.

सव्वाचारला, दुसऱ्या वळणावर, वाऱ्याचा झोत नाकाखाली शिरून बोट उभी झाली आणि उलटली. श्रेयांसला बाहेर काढलं तेव्हा तो गेलेला होता. अठ्ठावीस वर्षांचा.

मृतदेह घेऊन इंद्रभान कारंज्याला आला. दारात पानाबाई उभी होती. ती रडत नव्हती. तिनं एवढंच विचारलं, "तार तर आली होती. तो परत गेला ना पाण्यात?"

तिला खरं सांगायचं तर सांगावं लागलं असतं की, तू पाणी पीत होतीस तेव्हा पोरगा मेलेला होता, आणि ते पाणी मी तुला पाजलं. इंद्रभान पंचवीस वर्षांचा होता. तो म्हणाला, "हो."

त्या एका शब्दावर घर बदललं. पानाबाईनं श्रेयांसचे कप, फोटो, कपडे सगळं एका कपाटात घालून किल्ली कमरेला लावली. आईला दिलेला शब्द मोडून तो दुसऱ्यांदा उतरला आणि गेला, असं तिनं धरलं. त्याचं नाव घेणं तिनं सोडून दिलं. पुढे सेठ गेले, जिनिंग गेलं, इंद्रभान कामरगावला स्वतःच्या दुकानात आला. पण दर दिवाळीनंतर पानाबाई त्याला जेवायला बोलवायची. शेवटपर्यंत जवळ होता तो हाच, म्हणून. तो जायचा, मान खाली घालून जेवायचा आणि यायचा.

या वर्षी, श्रावणाच्या आधी, पानाबाईचा नातू मयंक दुकानात आला. श्रेयांसच्या धाकट्या भावाचा हा मुलगा. काकाला त्यानं पाहिलेलंही नाही. पुण्याकडची ती शर्यत भरवणाऱ्या क्लबचं पत्र त्याच्या हातात होतं. जुन्या बोटींच्या शर्यतीच्या कपाला श्रेयांसचं नाव द्यायचं ठरलं होतं. आईची संमती आणि एक फोटो हवा होता.

"दादी ऐकत नाही, काका. म्हणते, आईले फसवणाऱ्याच्या नावाचा कप कायले? किल्लीही देत नाही. तुमचं ऐकते ती. एकदा येऊन जा."

"पाहू," इंद्रभान म्हणाला. त्या दिवशी त्याची तारेची मोजणी तीनदा चुकली.

रात्रीच्या जेवणावर त्यानं विषय काढला. तुळसाबाई भाकरी थापताना थांबली. "आता कायले सांगता? बाई एक्याण्णव वर्षांच्या. तुमच्या मनावरचा दगड उचलून त्यायच्या उरावर ठेवान का?"

"माह्या मनाचं नाई, तुळसा. त्यानं शब्द पाळला होता. त्याच्या मायले ते माहीत नाई."

"अन् तुमचं काय होईन?"

आठ दिवस गेले. दोनदा तो बसथांब्यावर जाऊन कारंज्याची गाडी सोडून परत आला. एकदा तर पाय पायरीवर होता. कंडक्टर वैतागला. "बसता का कसं? गाडी माही हाय, तुमचा ओटा नाई."

सोमवारी तो बसला.

पानाबाई खिडकीशी खुर्चीवर बसून ताटातले मूग निवडत होती. नजर अधू झाली होती, बोटं पक्की होती. मयंक दाराशी उभा राहिला.

"आला का रे? या पोरानं धाडलं असंन तुले. काकाची वकिली कराले."

"वकिली नाई, बाई. माही चूक सांगाले आलो."

"या वयात कोनती चूक केली? तुळसाबाईले सोडलं का?"

मयंक हसला. इंद्रभान खाली जमिनीवर बसला आणि त्यानं सांगितलं. मधे थांबला नाही, कारण थांबला असता तर पुढे बोलला नसता. वारा, तारघर, रविवार, सगळं सांगितलं.

पानाबाईचे हात मुगात तसेच राहिले. "किती वाजता केली तार?"

"पावणेचारले."

"अन् तो कवा उलटला?"

"सव्वाचारले."

"सहा वाजता तार आली मले. दोन लोटे पेली मी. म्हंजे तो किनाऱ्यावर आलाच नव्हता?"

"नाई, बाई. एकदाच उतरले. दोनदा नाई."

"खोटं नाई बोलला तो."

"नाई."

मयंकनं खिशातून रुमाल काढला आणि हातात तसाच धरून ठेवला. मग पानाबाईनं कमरेची किल्ली सोडवली. जुना गुंता होता. बोटांना लवकर सुटेना. मयंक पुढे आला तर तिनं त्याचा हात बाजूला केला. किल्ली सुटल्यावर त्याला दिली. "तो कप हाती धरलेला फोटो पाठव. भावाच्या लग्नातला नको. त्यात त्याचं तोंड उतरलं हाय."

मयंक आत गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला.

"इंद्रभान."

"जी."

"तार तू माह्यासाठी केली. ते समजते मले. त्याचा राग नाई. पन मी दारात इचारलं होतं तुले. तवा हो काहून म्हनला?"

"भेलो, बाई."

"एक दिवस भेला, दोन दिवस भेला. एक्केचाळीस वर्षं माह्या ताटावर जेवला अन् मी पोराले कोसत राह्यली. त्याच्या नावाचा दिवा बी नाई लावला."

इंद्रभान तिच्या पायाला हात लावायला वाकला. तिनं पाय ओढून घेतले, रागानं नाही, सावकाश, जसं कोणी जागा करून देतं.

"जाय आता," ती म्हणाली. "गाडी असंन तुही."

मयंक बाहेर आला तो फोटो पुसत. त्यानं इंद्रभानकडे पाहिलं नाही. एरवी तो मोटारसायकलवर थांब्यापर्यंत सोडायचा. त्या दिवशी इंद्रभान चालत गेला.

घरी आल्यावर तुळसाबाईनं विचारलं, "काय म्हनल्या?"

"किल्ली देल्ली."

"अन् तुमाले?"

"खरं तेच म्हनल्या."

कपाला श्रेयांसचं नाव लागलं. फोटो पुण्याला गेला आणि त्याची एक प्रत मयंकनं कारंज्यातल्या आपल्या दुकानात गल्ल्याच्या वर लावली. पानाबाई दर रविवारी रिक्षानं येऊन ती पाहून जाते, असं कारंज्याहून येणारे सांगतात. कमरेला किल्ली नसते.

दिवाळी होऊन गेली. इंद्रभान आता सहासष्ट वर्षांचा आहे. सकाळी नऊला दुकान उघडतो, दिवसाला दोन मोटरी करतो. यंदा कारंज्याहून जेवणाचं बोलावणं आलं नाही.