टाकीत खारं पाणी येतं कुठून?

"मॅडम, चव घ्या," म्हणत काशिनाथकाकांनी पेला पुढे केला. टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी होतं. चक्क खारट!

मी पनवेल परिसरात रेनवॉटर हार्वेस्टिंगची कामं करते. छतावरचं पाणी पाइपने टाकीत आणायचं आणि बागेला, धुण्याभांड्यांना वापरायचं. गव्हाण गावच्या या काकांनी अंगणात जमिनीखाली टाकी बांधून घेतली होती. आता मोगऱ्याची पानं कडेने करपत होती, साबणाला फेस येत नव्हता.

काकांचा संशयित ठरलेला होता. "भाऊ मीठ टाकतो. वाटणी झाल्यापासून त्याला आमचं बरं बघवत नाय." भाऊ शेजारीच राहायचा. काका पोलिसांत जायला निघाले होते, काकूंनी अडवून आधी मला बोलावलं. टाकीच्या झाकणाला काकांनी कुलूपही लावलं होतं.

"कुलूप लावल्यावर खारटपणा कमी झाला?"

"नाय. वाढला."

मग मात्र माझं कुतूहल जागं झालं.

मी टीडीएस मीटर काढला. पेनाएवढं यंत्र, पाण्यात विरघळलेले क्षार मोजतं. पावसाची सर आली तेव्हा पाइपच्या तोंडाशी पाणी धरलं. एकदम गोडं. म्हणजे छत आणि पाइप सुटले. टाकीच्या आत पातळीची खूण केली, पंप बंद ठेवायला सांगितला आणि निघाले.

पावसाने उघडीप दिली. काकूंचा फोन आला, "मॅडम, पाऊस नाय, तरी पानी चढलंय!"

अमावास्येचं उधाण होतं. भरतीची वेळ बघून गेले. टाकी उपसली, टॉर्च मारला. तळाच्या कोपऱ्यातल्या भेगेतून पाणी झिरपत होतं. मीटर लावला. खारं! घरामागे जुनं मिठागर, पलीकडे खाडी. भरती आली की जमिनीखालचं खारं पाणीही वर चढायचं आणि भेगेतून आत घुसायचं.

भाऊ कंपाउंडपलीकडून बघत होता. "वहिनी, काय झालं?"

काका टॉर्च उचलून म्हणाले, "ये रं. तूच बघ."

माफी कोणी मागितली नाही. दोघे भाऊ टाकीत डोकावून खाडीला शिव्या देत बसले.

नवी टाकी आम्ही जमिनीवर, चौथऱ्यावर बसवली. "ओव्हरफ्लोचं पाणी कुठे सोडू?" मी विचारलं.

"भावाच्या वांग्यांना," काका म्हणाले.

तेव्हापासून जमिनीखालची टाकी तपासताना मी आधी ती रिकामी करते. भरलेल्या टाकीत काय गळतं तेवढंच कळतं, कुठून काय शिरतं ते दिसत नाही.