माझं साठात भागत न्हाई

दौंडच्या क्लासमधी सरांनी फळ्यावर सगळ्यांची नावं लिहिली आन् एकेकाला विचारत गेले, "टार्गेट किती?" एमबीएच्या सीईटीचं टार्गेट. कुनी नव्वद म्हनलं, कुनी पंच्याण्णव. माझं नाव आलं तवा सर थांबलेच न्हाईत. न विचारताच साठ लिहिलं.

"सर, मला नव्वद लिहायचंय."

सर हसले. "अगं, तुला कशाला एवढी मरमर? तुमचं साठात भागतं."

पोरं खो खो हसली. क्लासच्या फॉर्मवर जातीच्या रकान्यात मी काय लिहिलंय, ते सगळ्या वर्गाला कळलं. मग सरांनी अवघड गणितांची छापील पानं वाटली. नव्वदच्या पुढच्यांनाच. माझ्या बाकापाशी आले आन् हात मागं घेतला. माझी मान खाली गेली. ती खाली गेली ह्याचा मला अजून राग येतो, सरांपेक्षा जास्त.

भागतं. हा शब्द मला नवा न्हवता.

गावाकडं, वडगाव रासाईला, आई एका बागाईतदाराच्या कांद्यात खुरपायला जायची. मी सातवीत असताना मालकिणीकडं तिच्या पोराचं जुनं स्कॉलरशिपचं गाईड मागितलं. तिनं ते वरनं टाकलं माझ्या ओंजळीत, हाताला हात लागू न देता. मागची पानं फाडलेली. म्हनली, "भागंल तुझं एवढ्यात." आई म्हनली, "व्हय की बाई, लई झालं." गाईड शेकडेवारीला संपत हुतं. पुढची मिश्रणाची गणितं मी बघितलीच न्हाईत. आन् सीईटीच्या सरावात नेमकं तिथंच माझं चुकायचं. अठ्ठावन्न पर्सेंटाइलच्या वर सरकंना.

कुरकुंभच्या एका कंपनीत मी लॅबमधी हाय. चार वर्षं, कॉन्ट्रॅक्टवर. सही साहेबांनी करायची, बाटल्या मी विसळायच्या. ह्यातनं सुटायचं तर चांगल्या कॉलेजात नंबर लागाय पायजे. आन् आप्पांनी, म्हंजी माझ्या वडलांनी, बजावलेलं, "ही शेवटची परीक्षा. मग स्थळ बघायचं." शिफ्ट, क्लास, आप्पा. कुठं बी वळलं की पुढं भिंत.

त्याच आठवड्यात लॅबमधी तीस टक्क्यांचं ॲसिड बारा टक्क्यांवर आणत हुते. रोजचंच काम. दोन भाग ॲसिड, तीन भाग पानी. हात आपसूक चालतात. आन् एकदम हातच थांबले. अगं बये! दुधात पानी किती घालायचं, ते मिश्रणाचं गणित हेच की! चार वर्षं मी हेच करतीय आन् परीक्षेत त्याच्यापुढं रडतीय. आधी लई हसू आलं. मग असला संताप आला म्हनता! मला येत न्हाई असं न्हवतंच. मला गाईडच पानं फाडून दिलं हुतं.

पुढच्या रविवारी क्लासला गेले. फळ्याच्या कडंला यादी तशीच हुती. मी उठले. साठ तळहातानं पुसलं, पंच्याण्णव लिहिलं. टेबलावरनं अवघड गणितांचं एक पान उचललं.

सर म्हनले, "हे काय चाललंय? सवलत आहे ना तुला?"

"हाय. माझ्या हक्काची हाय, ती मी घेनारच," मी म्हनलं. "पन माझं साठात भागत न्हाई."

ह्या वेळंला कुनी हसलं न्हाई. मी पान वहीत घातलं आन् बाकावर जाऊन बसले. त्या दिवशी क्लास सुटायच्या आतच सरांनी माझा आकडा पुसला.

शिफ्ट हाय तशीच हाय. आप्पांची मुदत बी तशीच. सरावाचा स्कोअर बासष्टवर आलाय, त्यापुढं अजून न्हाई.

सरांनी दर रविवारी पुसावं. मी दर रविवारी लिहिनार. परीक्षेत काय पडायचे ते मार्क पडू देत. पन माझं कितीत भागतं, हे इथनं पुढं दुसऱ्या कुनाला ठरवू देनार न्हाई.